पोराला पाठवण्याआधी

देवळाली प्रवरा

चि. ताई,

"मामा, याला सुट्टीत तुमच्याकडं सोडते, खेड्यात राहिला की आपोआप बारीक होईल," असं परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पोराला खुशाल पाठव, घर त्याचंच आहे. पण ज्या देवळालीच्या भरवशावर पाठवतेस, ती आता शोधून सापडायची नाही.

तुम्ही भावंडं वस्तीवरून पाटाच्या कडेनं चालत शाळेत जायचात, वाटेत कुणाच्याही उसाचं कांडकं मोडून. आज त्याच वस्तीच्या तोंडाशी सकाळी पिवळी गाडी थांबते. संध्याकाळी पोरं तिथंच उतरतात आणि लगेच क्लासला पळतात. आईबापांना बोल तरी कसा लावू? उसात बिबट्या, गळीत सुरू झालं की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. मीसुद्धा नातीला एकटी सोडत नाही.

डब्यात काय देऊ, विचारलंस. भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी; तुला का शिकवायचं? पण सगळं खापर डब्यावर फोडू नकोस. शाळांच्या कॅन्टीनमधून वेफर्स, शीतपेयं हटवायचा आदेश राज्य सरकारनं 2017 मध्येच काढला. 2020 च्या केंद्राच्या नियमात फाटकापासून 50 मीटरची हद्दही आली. पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा त्या हद्दीपलीकडच्या टपरीवर लटकतात, आणि पाहुणाही येतो तो तीच पुडी घेऊन.

मला खरी चीड आहे ती खेळाच्या तासाची. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. इथं परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास पहिला जातो, गणिताला. मैदान मोकळं आणि पोरं बाकांवर! नोकरीत असताना या तासासाठी मी किती भांडायचो, तुला आठवत असेल.

आणि "बाळसं आहे, उतरेल" हे तुझ्या सासूबाईंचं म्हणणं धरून बसू नकोस. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. विलायती बाळांपेक्षा ती बरीच हलकी, अंगात स्नायू कमी, चरबी मात्र जवळपास तेवढीच. मुळातच अशी ठेवण, त्यावर हे वाढलेलं वजन. दाजींना चाळिशीच्या आत साखरेच्या गोळ्या लागल्या, विसरलीस का?

दिवाळीत त्याच्या मानेमागं काळपट, जाडसर पट्टा दिसला. तू मळ समजून घासत होतीस, पोरगं कळवळत होतं. घासू नकोस. अंगात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असू शकते. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना मान दाखव, उपाशीपोटी साखर तपासून घे. आणि त्याला 'जाड्या' म्हणणं घरात सगळ्यांनी बंद करा. परवा भरलं ताट सोडून उठला होता तो. रिपोर्ट आला की त्याच दिवशी फोन कर. सुट्टीचं मग ठरवू.

तुझा,
मामा