थकलो म्हणणारा

टायफॉइडमधून उठलो आणि गोसीखुर्दच्या धरणावर जाऊन बसलो. दारं बंद, वैनगंगा अडलेली. अंगात त्राण नव्हतं. पण ‘थकलो’ म्हणणारा आतला तो चांगला टवटवीत होता. हा कोण? रमण महर्षी हाच प्रश्न धरून ठेवायला सांगत. मला चार श्वास जमतं. मग गोळ्यांची वेळ, धानाचा भाव.

याच जलाशयाच्या वरच्या अंगाला आंभोरा. मुकुंदराजांनी शके १११०मध्ये ‘विवेकसिंधु’ तिथे रचला, असं मानतात. देह म्हणजे मी नव्हे, हे गुरुशिष्यसंवादातून थेट मराठीत मांडलं. देह नव्हे, कबूल. पण या धरणात बुडालेल्या गावांतली माणसं अजून जुन्याच गावाचं नाव सांगतात, त्यांचं काय?

आंभोऱ्याला जाल तर नुसता नवा पूल बघून परतू नका. चैतन्येश्वराच्या देवळापाशी थोडं बसा.