टोबिनला तीन फासे का नाहीत?

तर झालं असं की, मागच्या महिन्यात आमच्या रविवारच्या खेळात एक नावाडी मेला आणि त्यावरून आमचं पाऊण तास भांडण झालं. चहा गार झाला, वडापाव तसेच राहिले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ सालचा. आमच्याकडे चार जण एकेक पात्र चालवतात. उरलेलं सगळं जग, म्हणजे राजा, सराईवाला, गॉब्लिन, अगदी पावसासकट, एकटा डीएम चालवतो. तो डीएम मी. माझ्या ताब्यातल्या पात्रांना म्हणतात एनपीसी.

नावाडी असाच एक एनपीसी. दलदल पार करायला चौघांनी त्याला भाड्याने घेतलं. आमच्यातली एकजण देवाची पुजारीण खेळते. तिने सहज विचारलं, "काका, नाव काय तुमचं?" मी काही ठरवलं नव्हतं. तोंडात आलं ते सांगितलं, टोबिन. पुढचे तीन रविवार टोबिन सगळ्यांबरोबर होता. त्याला गुडघेदुखी होती आणि एक मुलगी होती. हेही मी आयत्या वेळी ठोकून दिलेलं.

मग गॉब्लिनांनी हल्ला केला. टोबिनचे हिट पॉइंट्स चार, बाण लागला पाचाचा. मी म्हटलं, "टोबिन मेला."

"मी पोचते त्याच्यापर्यंत. बरं करायचा मंत्र."

"अगं, मेला तो."

"अरे पण मघाशी आपला योद्धा शून्यावर आला तेव्हा त्याला फासे मिळाले ना?"

मिळाले होते. खेळाडूचं पात्र शून्यावर आलं की ते बेशुद्ध पडतं. मग आपल्या पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा, दहा किंवा जास्त आलं तर यश, कमी आलं तर अपयश. तीन यशं आधी आली तर जीव टिकला, तीन अपयशं आधी आली तर खेळ खल्लास. मधल्या वेळात कुणी मंत्र घातला तरी वाचला. मी म्हटलं, "तो खेळाडू आहे. हा एनपीसी."

ती दोन क्षण गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे या जगातले देव फक्त आम्हा चौघांचे?"

च्यायला. उत्तर नव्हतं माझ्याकडे. पुस्तक मात्र होतं. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात लिहिलंय की बहुतेक डीएम राक्षसांना शून्यावर तिथल्या तिथे मारतात, मोठे खलनायक आणि खास पात्रं तेवढी अपवाद. मी पान उघडून दाखवलं आणि खेळ पुढे रेटला. नियम दाखवून वाद जिंकला की कसं वाटतं, हे कोड रिव्ह्यू करणाऱ्यांना सांगायला नको. फार बरं वाटत नाही.

घरी येऊन विचार करत बसलो. हा वाद काही आमचा एकट्याचा नाही. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ठरवलं की सगळ्यांना एकच गणित. राक्षसालाही खेळाडूंसारखी कौशल्यं, आणि साध्या शेतकऱ्यासाठीही स्वतंत्र 'कॉमनर' वर्ग. तत्त्व छान! पण डीएमचा शनिवार त्यात जायचा. तासभर बेरजा करून उभा केलेला खलनायक चार फेऱ्यांत आडवा. शिवाय त्या गणितात घरातलं मांजरही शेतकऱ्याला मारू शकतं, हा विनोद तेव्हापासून चालत आलाय. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने मग दुसरं टोक गाठलं. राक्षसांचे साचेच वेगळे केले, आणि 'मिनियन' नावाच्या फुटकळ शत्रूंना हिट पॉइंट दिला फक्त एक.

मला वाटतं, दोन्हीकडे एक गोष्ट सुटते. नियम दोन कामं करतो. माझ्यासाठी तो हिशोब असतो. खेळाडूंसाठी तो डोळे असतो, कारण ते जग त्यांना नियमांतूनच दिसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर आतलं इम्प्लिमेंटेशन वेगळं असेना का, इंटरफेस एकच हवा. खलनायकाचे हिट पॉइंट्स मी कसे काढले याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. पण पडलेला माणूस काही क्षण जिवंत असतो की नाही, हे त्या पुजारणीला दिसतं. तिने ते एकदा पाहिलंय, आणि त्या भरवशावर ती धावायला निघालीये. तिथे मी 'याचा वर्ग वेगळा' म्हटलं की तिचे डोळेच काढून घेतले.

सगळीकडे समानता हवी असंही नाही हं. खेळाडू फासे टाकून माझ्या व्यापाऱ्याला पटवू शकतात. माझा व्यापारी फासे टाकून खेळाडूला पटवू शकत नाही, आणि ते मला मान्य आहे. अख्खं जग माझ्या हातात असताना त्यांच्याकडे स्वतःचा असा निर्णय तेवढा एकच असतो. तो घेतला तर खेळायचं कशाला?

पुढच्या रविवारी सरळ सांगितलं, "चुकलो. टोबिनला परत आणू का?" ती म्हणाली, "नको. पण त्याच्या मुलीला जाऊन सांगायला हवं." तो पूर्ण रविवार त्यातच गेला. एकही लढाई नाही. आजवरच्या आमच्या चांगल्या खेळांपैकी एक.

शेवटी नवा नियम केला: ज्याचं नाव तुम्ही विचारलंत, त्याला तीन फासे. हिशोबाला सोपा आणि सगळ्यांना आधीच माहीत.

असो. गेल्या रविवारी गॉब्लिनांची टोळी समोर आली. मी फासे हातात घेतले, तोवर बाईसाहेबांनी सगळ्यात पुढच्या गॉब्लिनला ओरडून विचारलं, "काय रे, नाव काय तुझं?"

आता आली का पंचाईत!