मला भावलेली हॅर्टा

प्रेमकथा कधी जुनी होत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. पण ग्रंथालयातील कपाट उघडून पाहा! एके काळी ज्यांच्यावरून तरुण मनांनी जीव ओवाळून टाकला, अशा कितीतरी प्रेमकथा तेथे धूळ खात पडल्या आहेत. त्यांतले नायक देखणे आहेत, नायिका सुंदर आहेत, चांदणे तर पानोपानी सांडले आहे. तरी त्या आज वाचवत नाहीत. मग १९३९ साली प्रसिद्ध झालेली विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ हातात घेतली की खाली का ठेववत नाही?

बेडेकर आपल्या शेजारच्या अमरावतीत १९०६ साली जन्मले. कादंबरी त्यांनी ही एकच लिहिली, आणि तीही लहानशी. तो काळ फडके-खांडेकरांच्या लोकप्रियतेचा. अशा वेळी बेडेकरांनी आपली प्रेमकथा थेट समुद्रावर नेली. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी भेटतात. तो आधीच्या प्रेमात पोळलेला; तिच्याही मागे एक प्रेम राहून गेलेले. हिटलरच्या राज्यात जागा न उरल्याने ती शांघायला निघाली आहे. व्हिसावाचून निर्वासितांना उतरू देणारी बंदरे तेव्हा जगात जवळजवळ उरलीच नव्हती. शांघाय हे त्यांतले एक. प्रवासाच्या मोजक्या दिवसांत दोघे जवळ येतात. मुंबई येते. चक्रधर उतरतो. हॅर्टाला घेऊन बोट पुढे जाते. मग तिची पत्रे येतात, आणि शेवटी ती आत्महत्या करते. कथा एवढीच!

मी घाटंजी तालुक्यातील एका खेड्यातून रोज एस.टी.ने यवतमाळला येते. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. तरी ही बोट मला ओळखीची वाटली. आमची सकाळची गाडी अशीच असते. गाव मागे पडले की मुलेमुली मोकळी होतात. वह्यांची देवघेव होते, डब्यातली भाकर आणि ठेचा वाटून खाल्ला जातो. कोण कोणत्या मोहल्ल्यातला, कोणत्या आडनावाचा, हे तासभर कोणी विचारीत नाही. संध्याकाळी गावचा फाटा दिसू लागला की बोलणी आपोआप थांबतात, मुली पुढच्या सीटवर सरकतात आणि उतरताना कोणी कोणाच्या ओळखीचे नसते. दोन किनाऱ्यांच्या मधल्या जागेतच माणसाला थोडा वेळ नुसते माणूस म्हणून जगता येते, हे बेडेकरांनी किती अचूक ओळखले होते!

माझी एक मैत्रीण यंदा वर्गात नाही. गाडीत एका मुलाशी बोलताना तिला कोणीतरी पाहिले. तेवढे पुरे झाले. दिवाळीनंतर तिचा पास कोणी काढला नाही, आणि उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. त्या मुलाशी नव्हे, हे सांगायला नकोच. तो मुलगा अजून त्याच गाडीने येतो. खिडकीजवळ बसतो आणि फाट्यावर मुकाट्याने उतरतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई शाळेत गेलेली नाही. तुरीच्या शेंगा सोलता सोलता मी तिला हॅर्टाची गोष्ट सांगितली. हिटलर, ज्यू, शांघाय यांतले तिला काही ठाऊक नव्हते. हात न थांबवता तिने विचारले, “मंग त्यानं तिले घरी काऊन नाई आणलं व?”

मी उत्तर शोधू लागले. चक्रधर दुष्ट नाही. दुष्ट असता तर त्याच्यावर राग काढून आपण मोकळे झालो असतो. तो फक्त आपले बंदर आले म्हणून उतरतो. सगळे जग हॅर्टाला जे करते, तेच तिच्यावर प्रेम करणारा माणूसही करून बसतो. ही सल पुस्तक मिटल्यावरही जात नाही.

१९३५ साली न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी जर्मनीत ज्यूंशी विवाह करण्यास बंदी घातली. आपल्याकडे उलट १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. जात, धर्म वेगळा असला तरी नोटीस द्यावी, तीस दिवस थांबावे आणि लग्न करावे. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. पण त्या तीस दिवसांत घरात आणि पारावर काय काय घडते, हे आपण सारे जाणतो. हॅर्टाला परके ठरवायला एक सरकार लागले. आमच्याकडे ते काम काका-मामाच करतात. म्हणूनच ‘रणांगण’ जुनी होत नाही. त्यातला प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो आमच्याच फाट्यावर उभा आहे.

पुढल्या वर्षी पदवी हाती येईल. घरात माझ्या लग्नाच्या गोष्टी आताच निघू लागल्या आहेत. पाहायला येणाऱ्यांनी स्वयंपाक येतो का, शेतीची कामे येतात का, हे खुशाल विचारावे. मीही एक विचारणार आहे: घरचे सगळे एकीकडे आणि मी एकटी दुसरीकडे, अशी वेळ आली तर तुम्ही उतरून जाल की थांबाल? ज्याला उत्तर द्यायला वेळ लागेल, त्याला मी हे पुस्तक वाचायला देईन.