डेडलाइन बपेरा

लाँग वीकएंड आला की आपली गाडी कुठे वळते? कोकण, महाबळेश्वर, फार तर ताडोबा. विदर्भ म्हटलं की वाघ आणि संत्री, विषय संपला! पण नकाशात नागपूरवरून बोट पूर्वेकडे सरकवत न्या. भंडारा, मग वर तुमसर, मग सिहोरा आणि जिथे महाराष्ट्र संपतो, तिथे बपेरा. पुढे बावनथडी नदी, आणि पूल ओलांडला की मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा.

बघायला काय आहे, असं विचाराल तर प्रामाणिक उत्तर देते : काहीच नाही. म्हणजे पॉइंट नाही, रिसॉर्ट नाही, पाटी लावलेला धबधबा नाही. सपाट जमीन, धानाच्या बांध्या, मध्येच एखादं मोहाचं झाड आणि लांब उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेला भाताचा तुकडा. आणि इथे भाताला भात म्हणायचं नाही हं! तो ताटात आल्यावर भात, शेतात असेपर्यंत धान.

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस किंवा पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची, तुमसर रोडला उतरायचं, मग एसटी नाहीतर जे मिळेल ते. मावशीचं सासर बपेऱ्याचं, त्यामुळे लहानपणी मे महिन्यात बरेचदा आलेय. यंदा मात्र २६ जानेवारीला जोडून चार दिवस गेले ते मावसबहिणीसाठी. ती खैरागडला पेंटिंगमध्ये एमएफए करतेय, शेवटचं वर्ष. मेमध्ये तिचा फायनल डिस्प्ले आहे. तोच तिचा थिसिस, चित्रांचा. भिंतीवर आठ मोठी कॅनव्हास हवीत आणि तयार होती तीन.

खैरागड ऐकून 'हे कुठे आलं?' म्हणणाऱ्यांसाठी : छत्तीसगडमध्ये. तिथल्या राजघराण्याने इंदिरा नावाच्या आपल्या राजकन्येच्या आठवणीत राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये त्यात संगीत आणि कलांचं विद्यापीठ सुरू झालं. बपेऱ्याच्या पोरीला मुंबईचं जेजे लांब, खर्चाला तर त्याहून लांब. गोंदियाहून डोंगरगड आणि तिथून बस धरली की खैरागड. भाषेचाही प्रश्न येत नाही. या पट्ट्यात घरातली मोठी माणसं आपसात पोवारी बोलतात, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी. मला पोवारी कळते, बोलायला गेले की सगळे हसतात.

तर स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे मागची धानाची खोली. कवेलूंचं छप्पर, एक लहान खिडकी आणि छतापर्यंत रचलेली पोती. आधारभूत खरेदी केंद्रावर नंबर लागायचा होता, तोवर धान घरातच. पोत्यांना टेकवून पाच बाय चारचं कॅनव्हास, खाली वर्तमानपत्रं, टर्पेंटाइनचा वास आणि त्यात मिसळलेला नव्या धानाचा वास. बाहेर मावशीची हाक, 'काय करून राहिली गं? जेवाले ये!'

पहिल्या तीन चित्रांत तिने गाव काढलं होतं. नदी, पूल, रोवणीच्या बाया. सरांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, गाव दिसतंय, तू कुठे आहेस? मग रझांचं उदाहरण दिलं. सय्यद हैदर रझा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात १९२२ साली जन्मलेले, म्हणजे तसे सातपुड्यातले शेजारीच. १९३९ ते ४३ नागपूरच्या कलाशाळेत शिकले. मग मुंबईला जाऊन एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी आणि पुढे जेजे. १९५० ला फ्रान्स गाठलं. शाळेतल्या मास्तरांनी भिंतीवर काढून दिलेला एक ठिपका त्यांच्या कॅनव्हासवर बिंदू होऊन ठाण मांडून बसला, तो थेट १९८० च्या आसपास.

"रझांना तीस वर्षं भेटली, ताई," ती म्हणाली. "मला मेपर्यंत!"

दुसऱ्या कुणीतरी सुचवलं, बारदान्यावर रंगव ना, लोकल मटेरियल आहे, कॉन्सेप्ट सॉलिड होईल. यावर काका खूप वेळ हसत होते. धान विकायचं तर बारदाना लागतो आणि सीझनमध्ये त्याचीच बोंब असते. शहरातल्या गॅलरीत पोतं टांगलं की ते 'टेक्श्चर' होतं. इथे कोणी एक फाडलं तर हिशेब विचारतात. तिने ती आयडिया सोडून दिली. मला वाटतं बरं केलं. गावाकडून आलेल्या चित्रकाराने गावाचीच एखादी वस्तू पुरावा म्हणून आणावी, ही अपेक्षा थोडी अजबच आहे. आयटीवाल्या पोराकडे कुणी आजोबांचा नांगर मागतं का?

मग ती काय काढत होती? समोर होतं तेच, पोती. खोलीत खिडकीतून येणारी उजेडाची एकच पट्टी सकाळी वरच्या रांगेवर पडते, दुपारपर्यंत खाली उतरते आणि चारला विझते. दिवसाचे सहा तास, तेही ढग नसले तर. पाच चित्रं, एकच रास, पाच वेळांचा उजेड. ऐकायला बोअर वाटतं. पण तिसऱ्या दिवशी मी त्या राशीकडे जरा नीट बघायला लागले. खालची पोती दबून चपटी, वरची गुबगुबीत. एका कोपऱ्यात उंदराने पाडलेलं भोक आणि त्याखाली धानाची बारीक धार. वर्षाची सगळी कमाई अशी एका खोलीत रचून ठेवल्यावर घरातली माणसं तिच्याजवळून कशी चालतात, तेही दिसायला लागलं. काका येता-जाता सवयीने एखाद्या पोत्यावर थाप मारतात.

प्रॉब्लेम होता वाळण्याचा. ऑइल पेंट पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. थंडीत तर त्याला घाईच नसते. जाड थर असेल तर महिने जातात. ओला कॅनव्हास गुंडाळता येत नाही आणि पाच बाय चारची ताणलेली फ्रेम रेल्वेच्या जनरल डब्यात नेऊन दाखवा! म्हणून तिची युक्ती : खालचे थर सगळे अंबरमध्ये. रॉ अंबर, बर्न्ट अंबर या मातकट तपकिरी रंगांत मुळातच मँगनीज असतं आणि मँगनीजमुळे तेल भराभर वाळतं. काळा रंग आठवडाभर चिकट राहतो, तिथे अंबर एक-दोन दिवसांत हाताला लागत नाही.

आणि मँगनीज कुठलं? तिची ट्यूब कंपनीची होती, त्यातली माती कुठली कोण जाणे. पण मँगनीजच्या खाणी याच तुमसर तालुक्यात आहेत, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. चिखल्याची जमिनीखाली, डोंगरीची उघडी. डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड ड्राय बॅटरीसाठी वापरतात, म्हणजे लहानपणी आपल्या टॉर्चमध्ये आणि ट्रान्झिस्टरमध्ये जे सेल असायचे ना, त्यांच्या पोटातली काळी पूड! आम्ही बाइकवरून त्या बाजूला एक चक्कर मारली. आत जाता येत नाही, पण रस्त्याकडेची धूळसुद्धा काळपट. ती उतरली, चिमूटभर बोटावर घेतली, रुमालाला पुसून बघितली. म्हटलं, हे मिसळणार? 'नाही बाप्पा, परीक्षेआधी प्रयोग नाही,' म्हणाली. ऑफिसात रिलीजच्या आदल्या आठवड्यात आपणही हेच म्हणतो.

परतताना बांध्यांमध्ये लाखोळी फुलली होती. धान उभं असतानाच ओलीत लाखोळीचं, कुठे जवसाचं बी फेकून देतात, त्याला उतेरा म्हणतात. धान कापून नेलं की त्याच्या धसकटांमधून हे पीक वर येतं. दोघांचीही फुलं निळी. अख्खी बांधी पिवळट तपकिरी आणि तिच्यावर निळ्याचा हलका फवारा! घरी येऊन तिने कोबाल्ट ब्लू काढला. (कुंडलकरांची कादंबरी नव्हे, खरीखुरी ट्यूब.) तिच्या खोक्यातला सगळ्यात महाग रंग, शेपटीपासून गुंडाळत आणलेला. पोत्यांच्या सावलीत तिने तो चार-पाच ठिकाणी ठेवला, फार पातळ. फुलं नाहीत, शेत नाही, नुसती निळी सावली. मावशी दारात पदराला हात पुसत उभी होती. ती मागची तिन्ही चित्रं बघून 'छान' म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची. या वेळी बराच वेळ थांबली. मग विचारलं, "हे खिडकीजवळचं पोतं कावून इतकं थंड दिसते?"

त्या रात्री ती झोपली नाही. एकतर मावशीचा प्रश्न, दुसरं म्हणजे जेवताना आलेला फोन. खरेदी केंद्रावर नंबर लागला होता, उद्या सकाळी धान न्यायचं!

घरात आनंदीआनंद. धानाचे चुकारे आले की उधारी फिटणार, आणि तिच्या फ्रेम आणि स्ट्रेचरचे पैसेही त्यातूनच मिळणार होते. पण पाचवं चित्र अर्धं होतं आणि त्यातली रास सकाळी ट्रॅक्टरवर चढणार होती. तिने विचारून बघितलं, "बाबा, परवा नाही का नेता येणार?" काका म्हणाले, "नंबर गेला त मग पंधरा दिवस वाट पाहा लागते. फोटो काढून ठेव ना." फोटो तिने काढले. पण फोटोत तो उजेड येत नाही, हे एव्हाना मलाही कळायला लागलं होतं.

सकाळी सातला ट्रॉली लागली. तिने केस बांधले, ओढणी कमरेला खोचली आणि पोती उचलायला बापाच्या बरोबरीने उभी राहिली. एकेक पोतं बाहेर गेलं तसतशी मागची भिंत उघडी पडत गेली. पावसाळ्यातल्या ओलीचे डाग, पोत्यांच्या पाठीने घासून गुळगुळीत झालेला पट्टा, जमिनीवर रांगांचे चौकोनी ठसे. खिडकीतली उजेडाची पट्टी आता थेट भिंतीपर्यंत जाऊ लागली. ट्रॉली निघाल्यावर मावशीने झाडू आणला. "आई, थांब! झाडू नको," ती ओरडली. हातही न धुता तिने पाचवं कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून लावलं आणि अर्ध्या रंगवलेल्या राशीवर अंबरचा पातळ हात फिरवायला सुरुवात केली.

माझी एसटी साडेनऊची होती. निघते म्हणून सांगायला गेले, तर मागे न बघता म्हणाली, "ताई, दारातून जरा बाजूले हो ना. उजेड अडून राहिला."