लाखेतलं मेण

लाख म्हटली की आपल्याला बांगड्या, पार्सलावरचं सील आणि महाभारतातलं लाक्षागृह आठवतं. पण लाखेत मेणही असतं, किलोभर चपडीत साधारण 50 ग्रॅम. चपडी स्पिरिटमध्ये विरघळते, मेण विरघळत नाही. ते गाळून काढतात. मधमाशीचं मेण 62-64 अंशांना वितळतं, हे 70 च्या पुढे. म्हणून कडक, चकचकीत. बुटांच्या आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये ते वापरतात.

मी इंदूरचा, पण बँकेनं काही वर्षं सिवनी जिल्ह्यात पाठवलं होतं. तिथे पळसावर लाख घेतात. हा इवलासा कीडा फांदीचा रस पितो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. त्या कवचात गुदमरू नये म्हणून श्वासाच्या छिद्रांतून मेणाचे पांढरे तंतू बाहेर सोडतो. राळ छिद्रं बुजवत नाही ती त्यामुळेच.

एका मे महिन्यात एक विधवा बाई कर्जाला आली. बांधावर तिची 30 पळसाची झाडं, लाख लागलेली. घरात पैसा नाही, आणि व्यापारी म्हणत होता, कच्चीच काप, आत्ता रोख देतो. ह्या कच्च्या लाखेला तिकडे ‘अरी’ म्हणतात. अरी कापली की कीडे पिल्लं बाहेर पडण्याआधीच मरतात, म्हणजे पुढच्या हंगामाला बीज नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर मुद्दलच खाऊन टाकायचं. तिला फक्त जुलैपर्यंतच्या घरखर्चाची सोय हवी होती.

वरच्या ऑफिसातून उत्तर आलं, “किड्यांवर कर्ज? आणि उन्हानं मेले तर?” शंका चुकीची नव्हती. मेमधल्या उन्हात कीडे मरतातच. मग मी स्वतः शेतावर गेलो. बाईनं फांदी वाकवून दाखवली. “साहेब, सफेद दिख रहा है ना? मतलब जिंदा है.” लाखेवर कापसासारखी बारीक लव होती. दोन झाडं कोरडी, लालसर पडली होती. तीही तिनं लपवली नाहीत.

दुसऱ्यांदा कागद पाठवले, तेव्हा मंजुरी आली. जुलैत तिनं बीजाच्या काड्या आपल्या झाडांना बांधल्या, उरलेल्या विकल्या आणि हप्ता भरला.

त्या फॉर्मात ‘तारणाचे वर्णन’ असा रकाना होता. त्यात मी लिहिलं होतं : 28 झाडे, मेणाचे पांढरे तंतू स्पष्ट दिसतात, पीक जिवंत आहे.