मॉरिशसच्या समुद्रकिनारीं जातांना

सांताक्रूझसारख्या उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबास समुद्राचें अप्रूप नसतें. जुहूची चौपाटी हाकेच्या अंतरावर, आणि देशोदेशींचीं विमानें तर रात्रंदिवस डोक्यावरून घोंघावत असतात. असें असतां समुद्रस्नानासाठीं सुमारें ४,७०० किलोमीटर दूर परदेशीं जाण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न घरांतील वडील मंडळी विचारतात. प्रश्न वावगा नाहीं. परंतु हल्लीं मुलें-सुना सुटीचा बेत मॉरिशसचा ठरवितात आणि आजी-आजोबांसही आग्रहानें बरोबर नेतात. तेव्हां जावें कीं न जावें यापेक्षां, जावयाचें तर कोणत्या तयारीनें जावें, हा विचार अधिक उपयोगाचा. म्हणून हे चार शब्द.

हा देश आपणांस अगदींच परका नाहीं. आपल्या आज्या-पणज्या पांढऱ्या दाणेदार साखरेस ‘मोरस साखर’ म्हणत. तो ‘मोरस’ म्हणजेच हा मॉरिशस. मुंबई शहर व उपनगर या दोन्ही जिल्ह्यांची मिळून जेवढी भूमि होते, तिच्या तिपटीएवढेंच हें बेट. आधीं फ्रेंचांच्या व मागाहून इंग्रजांच्या अमलाखालीं राहून १२ मार्च १९६८ रोजीं तें स्वतंत्र झालें. तेथें राज्यकारभाराची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रांची बहुशः फ्रेंच आणि बाजारांतली क्रिऑल; परंतु आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीनेंही पुष्कळ ठिकाणीं निभावतें.

प्रथम ऋतूचा विचार करावा. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेस २० अंशांवर. जणूं एकाच तराजूचीं दोन पारडीं. त्यामुळें तेथील ऋतु आपल्या अगदीं उलट. आपल्याकडे वैशाखवणवा पेटलेला असतो तेव्हां तेथें हिंवाळ्याची चाहूल लागते. म्हणून शाळेची मे महिन्यांतील सुटी या प्रवासास उत्तम. जून ते सप्टेंबर आग्नेयेकडील वारा पूर्व किनाऱ्यावर जोरानें वाहतो. अशा वेळीं वृद्धांनीं व लेंकुरवाळ्यांनीं पश्चिमेकडील फ्लिक-आं-फ्लाक किंवा वायव्येकडील त्रू-ओ-बीश यांसारखा आडोशाचा किनारा निवडावा. नाताळच्या सुटींत जाणारांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत व जानेवारींत तेथें मध्यान्हीं सूर्य अगदीं माथ्यावर येतो. तेव्हां अकरा ते तीन वाळूंत फिरूं नये. दुसरें असें कीं, नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील चक्रीवादळांचा काळ. १५ जानेवारी २०२४ रोजीं ‘बेलाल’ नामक वादळाच्या पावसानें राजधानी पोर्ट लुईस येथें रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या. २६ जुलै २००५ च्या पावसांत सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरांची नोंद केली. ती रात्र ज्यांनीं काढली त्यांस आकाशाची थट्टा करूं नये हें निराळें सांगावयास नको. तेथें वादळाच्या इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत. तिसरी पायरी लागली कीं घराबाहेर पडण्याचा बेत मुकाट्यानें सोडावा.

आतां कागदपत्रें. पासपोर्टाची मुदत परतीच्या तारखेनंतरही निदान सहा महिने शिल्लक असावी. भारतीय प्रवाशास केवळ पर्यटनासाठीं आधीं व्हिसा काढावा लागत नाहीं. उतरल्यावरच परवानगी मिळते. मात्र परतीचें तिकीट, राहण्याच्या ठिकाणाची पावती व खर्चाची तरतूद हीं दाखवितां आलीं पाहिजेत. प्रवेशाचा अर्ज संगणकावरून आगाऊ भरावयाचा असतो. तें काम नातवंडांकडे सोंपवून त्याची छापील प्रत आपणांजवळ ठेवावी. तेथील नाण्यासही रुपयाच म्हणतात, पण त्याचें मोल आपल्या रुपयाहून अधिक आहे. हिशेब करतांना ही नांवाची सारखेपणा फसवूं शकते. आणखी एक स्थानिक सूचना: आपण सवयीनें ‘सांताक्रूझ विमानतळ’ म्हणतों, परंतु परदेशचीं विमानें सुटतात तीं सहारच्या, म्हणजे २०१४ सालीं नव्यानें उघडलेल्या दुसऱ्या टर्मिनलवरून. रिक्षावाल्यास तसें स्पष्ट सांगावें. विमान सहा-साडेसहा तासांत पोंहोंचतें, आणि तेथील घड्याळ आपल्या दीड तास मागें असतें. मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घेणारांनीं हा फरक वैद्यांस विचारून ठेवावा.

औषधांची तयारी सर्वांत महत्त्वाची. तीं मूळ वेष्टणांतच असावीं, वैद्याची चिठ्ठी सोबत असावी आणि चार दिवसांचा जादा सांठा हातांतल्या पिशवींत असावा. झोपेच्या गोळ्या व तीव्र वेदनाशामक औषधें यांविषयीं तेथील कायदा कडक आहे. अशीं औषधें चालूं असल्यास निघण्यापूर्वींच परवानगीची चौकशी करावी. बियाणें, रोपें व ताजीं फळें परवान्यावांचून नेऊं नयेत. लोणचें व तूप हातांतल्या पिशवींत चालत नाहीं. सुक्या खोबऱ्यांत तेल फार व तें लवकर पेट घेतें, म्हणून विमानाच्या सामानांत तेंही ठेवूं नये. उलटपक्षीं मोबाइलची जादा बॅटरी मोठ्या बॅगेंत न ठेवतां हातांतल्याच पिशवींत ठेवावी. फराळाच्या डब्यांनीं बॅगा फुगविण्याचें मात्र कारण नाहीं. चण्याची डाळ भरलेली पातळ दालपुरी तेथें रस्तोरस्तीं मिळते. ती तेथें गेलेल्या आपल्याच लोकांची देणगी आहे.

आतां मुख्य विषय समुद्राचा. जुहूच्या समुद्राशीं ज्याचा परिचय आहे, त्यास आपण समुद्र जाणतों असें वाटतें. हाच समज परक्या किनाऱ्यावर घातक ठरतो. आपल्याकडे मोठ्या भरतीस पाणी चार-साडेचार मीटर चढतें, लाटा गर्जतात, पाणी गढूळ होतें. म्हणजे समुद्र आधीं ओरडून बजावतो. मॉरिशसला भरती-ओहोटीचा फरक एका मीटरहूनही कमी. बेटाभोंवतीं बहुतेक ठिकाणीं प्रवाळांची भिंत आहे, तीवर लाटा फुटतात आणि आंतील पाणी तळ्यासारखें निवांत व नितळ राहतें. परंतु त्या भिंतींत जेथें खिंड असते, तेथून पाण्याचा ओघ वेगानें बाहेर जातो. पोहणाराही त्यांत ओढला जातो. दक्षिणेस ग्री-ग्री येथें तर प्रवाळाची भिंतच नाहीं. तेथें समुद्र डोळ्यांनीं पाहावा, पाण्यांत उतरूं नये. कोणत्याही किनाऱ्यावर दोऱ्या व तरंगत्या खुणा लावलेल्या असतील त्या मर्यादेंतच स्नान करावें. पाण्यांत अनवाणी चालूं नये, रबरी बूट मुंबईहूनच घ्यावेत. तळाशीं काटेरी प्राणी असतात, आणि दगडासारखा निश्चल पडून राहणारा एक विषारी मासाही असतो. त्याचा काटा लागल्यास पाय सोसवेल तितक्या ऊन पाण्यांत धरावा व विनाविलंब रुग्णालय गाठावें. रुग्णवाहिकेसाठीं तेथें ११४ हा क्रमांक आहे. प्रवाळ हा दगड नसून सजीव आहे. त्यावर उभें राहूं नये, तुकडा तोडून आणूं नये.

येथवर शरीराच्या तयारीचें झालें. थोडी मनाचीही करावी. आमच्या धर्मशास्त्रांत समुद्रयान हें कलिवर्ज्य मानलें गेलें, आणि विलायतेहून परतलेल्यास प्रायश्चित्त द्यावें कीं नाहीं यावर गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस आमच्या घरांतून केवढे वाद माजले! त्यापूर्वींच कोंकणांतील कष्टकरी लोक काळें पाणी ओलांडून गेले होते. त्यांच्यासाठीं कोणी शास्त्रार्थ केला नाहीं. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलस’ जहाज मजुरांना घेऊन पोर्ट लुईसला लागलें. तेव्हांपासून १९२० पर्यंत हिंदुस्थानांतून जवळजवळ पांच लक्ष माणसें कराराच्या मजुरीसाठीं तेथें उतरलीं. त्यांत मुंबई बंदरांतून निघालेलीं, मुख्यतः रत्नागिरीकडचीं माणसें होतीं. ज्या बंदरावर तीं उतरलीं तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा म्हणून जपला आहे. त्यांच्या वंशजांच्या घरीं आतां बहुधा क्रिऑल बोलतात. तरी शाळांतून मराठी शिकवितात, गणेशचतुर्थीस देशभर सुटी असते, आणि कोंकणांतील जाखडी तेथें ‘झाकरी’ या नांवानें अजून नाचली जाते.

म्हणून आठ दिवसांच्या मुक्कामांतला एक दिवस समुद्राकडे पाठ करून या घाटासाठीं राखावा. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत त्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत नांव, बापाचें नांव, वय, गांव व जहाज इतकें लिहिलेलें आढळतें. तेव्हां निघण्यापूर्वीं कोंकणांत आपल्या गांवीं एक पत्र टाकावें अथवा फोन करावा. ‘मोरसला गेला तो परतला नाहीं’ अशी कोणाची आठवण एखाद्या घरांत, आपल्या घरीं राबणाऱ्या कुळांच्या वा गड्यांच्या घरांतही, शिल्लक असेल तर नांव, गांव आणि अंदाजी साल टिपून घ्यावें. संस्थेस आधीं लिहून चौकशीची परवानगी मागावी. आणि तो कागद पासपोर्टाच्याच पाकिटांत ठेवावा, म्हणजे विसरणार नाहीं.