फोरमनची वही

आमच्या घराचं घड्याळ आठ तासांचं. बाबा टेल्कोत, मी चाकणला. फर्स्ट, सेकंड आणि थर्ड या तीन पाळ्यांवर आमची जेवणं, झोपा, पाहुणे, एवढंच काय भांडणंसुद्धा बेतलेली. बारा तासांचं घड्याळ घरात आणलं ते फोरमनने. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, इन्सुलिन. त्यात सवलत नाही, बदली कामगार नाही.

फोरमन म्हणजे आमचा बोका. यमुनानगरच्या घराच्या फाटकाच्या खांबावर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशा नजरेने बघायचा की दुसरं नाव शोभलंच नसतं. सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीची बस मोशीवरून स्पाइन रोडने येते आणि मला कोपऱ्यावर सोडते. तेव्हा एक वाजून गेलेला असतो. गल्ली झोपलेली आणि खांबावर हा जागा. मी दिसलो की उतरायचा, दारापर्यंत पुढे चालायचा आणि मी आत गेलो की आपण पुन्हा बाहेर. पायांत घुटमळणं नाही, लाड नाहीत. हजेरी लागली, विषय संपला.

मग तो खांबावर चढेना. मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालायला लागला आणि बाथरूममधल्या बादलीला तोंड लावून बसू लागला. दवाखान्यात साखर तीनशेच्या पुढे निघायची. पण मांजराची साखर नुसत्या पिंजऱ्याने, रिक्षाने, शेजारच्या कुत्र्याच्या वासानेही चढते, त्यामुळे खरा आकडा घरीच मिळणार होता. घरात ग्लुकोमीटर होताच. आईचा.

बाबांचं आयुष्य स्टँडर्ड रूममध्ये गेलेलं. ज्या गेजने कारखाना मापं घेतो, ते गेज तपासायचे, हा त्यांचा धंदा. निवृत्तीनंतर त्यांना तपासायला काही उरलं नव्हतं. फोरमनने ते दिलं. कानाच्या कडेची बारीक शीर, तिच्यावर आधी गरम फडकं, मग व्हॅसलिनचं बोट, म्हणजे थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या बाटलीला, केशरी टोपणाची शंभरच्या, हे त्यांनी सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. वही आखली: तारीख, वेळ, आकडा, शेरा, सही. हो, सहीसुद्धा. माणसाचं मीटर मांजराच्या रक्तातली साखर खरी असते त्यापेक्षा जरा कमी दाखवतं, हे कळल्यावर पहिल्या पानावर लाल शाईत 'इन्स्ट्रुमेंट एरर' अशी नोंद झाली. टोचायची मात्र आई. तिचे वडील हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, १९५४ साली कंपनी स्थापन झाली त्या काळातले. एचए कॉलनीत वाढलेल्या मुलीला सुईचं भय कुठून असणार?

एका जुलैतल्या रात्री मी घरी आलो तर वीज गेलेली. खांब सुटल्यापासून फोरमन पायरीवर थांबायचा. पायरी रिकामी होती. आत बॅटरीच्या उजेडात आई-बाबा फरशीवर बसलेले आणि मधे तो. बाहुल्या फाकलेल्या, मान कललेली, उठायला गेला की कोलमडत होता. सातचं इन्सुलिन झालं होतं आणि त्यानंतर त्याने सगळं खाल्लेलं ओकून टाकलं होतं. ते पलंगाखाली आत्ता सापडलं.

"अडतीस दाखवतंय," बाबा म्हणाले. "एरर धरला तरी एवढं कमी? मशीन गेलंय. पट्ट्या सर्दावल्यात."

"मशीन नाही गेलं, तो चाललाय," आई म्हणाली.

पण बाबांना मास्टर हवा होता. गेजवर शंका आली की माप ठाऊक असलेला मास्टर लावून बघायचं, ही त्यांची हयातभराची सवय. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझी साखर कधी मोजलेली नव्हती, त्यांनी त्यांची मोजू दिलेली नव्हती. आईने न बोलता बोट पुढे केलं.

दोनशे अडुसष्ट.

"बघ, बिघडलंय! तुझं एवढं कसं असेल?"

"एवढंच असतं माझं."

"कधीपासून?"

"ते नंतर. आधी ह्याचं डोकं धरा."

उशीखालून तिने एक डबी काढली. आत पिठीसाखर. ओल्या बोटावर घेऊन ती त्याच्या हिरड्यांवर चोळायला लागली. तोंडात ओतायचं नाही, ठसका लागून फुफ्फुसात जाईल, एवढं मला दटावून सांगितलं. थोड्या वेळाने त्याने जीभ फिरवली, मान सरळ केली आणि आकडा सत्तरच्या वर आला. उजाडेपर्यंत आम्ही पुन्हा पुन्हा मोजत आणि त्याला थोडंथोडं भरवत बसलो. मधेच बाबांनी विचारलं, "साखर उशीखाली कशी?"

"मला कधी कधी रात्री दरदरून घाम फुटतो. तेव्हा लागते."

दुसऱ्या दिवशी बाबांनी मीटरची मेमरी उघडली आणि एकेक आकडा वहीशी ताडून पाहिला. सगळे वहीत सापडले. म्हणजे सगळे फोरमनचे. आईचा त्या रात्रीचा सोडला तर एकही नाही. पट्ट्या महाग पडतात म्हणून तिने स्वतःचं मोजणं बंद केलं होतं.

"मग एवढंच असतं, हे तुला कसं ठाऊक?"

"पायांची आग व्हायला लागली की कळतं. त्याला बिचाऱ्याला बोलता येत नाही."

बाबांनी वहीत दुसरा रकाना आखला. आई भडकली, मांजराच्या वहीत माझं नाव नको म्हणाली. नवी वही आली. रोज सातला फोरमनचा कान झाला की बाबा विचारायचे, "तुझं किती?" आई स्वयंपाकघरातून आकडा सांगायची. आठवडाभरात बाबांनी चोरी पकडली: सगळे आकडे शून्यात नाहीतर पाचात संपत होते. मनाने भरलेलं रजिस्टर असंच दिसतं, हे स्टँडर्ड रूममधल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून सुई त्यांनी हातात घेतली. हात थरथरायचा. "त्याच्या कानाला गरम फडकं, आणि मला तसंच?" आई म्हणाली. फडकं तिलाही मिळायला लागलं.

फोरमन त्यानंतरही दोन पावसाळे राहिला. शेवटी साखरेने नाही, मूत्रपिंडांनी गेला. बाद झालेल्या गेजपुढे बाबा शेऱ्यात 'स्क्रॅप' लिहीत. फोरमनच्या शेवटच्या ओळीत तारीख आहे, वेळ आहे आणि सही आहे.

आईची वही चालू आहे. बाबांनी आपली साखर अजून मोजू दिलेली नाही, आपल्याला काही होत नाही या एकाच मापावर त्यांचा विश्वास आहे. सकाळी सातला दोघांची बोटावरून वादावादी होते: हे नको, हे कालचं, ह्याने भाकरी थापायची असते. परवा माझी लेक ते ऐकून म्हणाली, "आजोबा, आजीचा पण कानच टोचा ना."

"तेवढंच राहिलंय," आई म्हणाली आणि करंगळी पुढे केली.